गायनाचार्य पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर

ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय ज्या थोर पुरुषाकडे जाते, ते गायनाचार्य पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होत. देवालयांच्या उत्सवांतून आज आपण जे शास्त्रीय गायन भक्तिभावाने ऐकतो, त्याच्या परंपरेचा मागोवा घेऊ लागलो की अनेकदा बुवांच्या नावाशी येऊन थांबावे लागते.

बुवांचा जन्म १८४९ साली इचलकरंजीनजीकच्या चंदूर या गावी झाला. वडील रामचंद्रबुवा स्वतः गाणारे होते. मातृछत्र लहानपणीच हरपले. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या शोधात घर सोडणे होय. रेल्वे सर्वत्र पोहोचलेली नव्हती, विद्यालये नव्हती आणि घराण्याची विद्या सहसा बाहेर दिली जात नसे. अशा परिस्थितीत बाळकृष्णबुवा विद्येच्या ओढीने गावोगाव भटकले. धार येथे त्यांनी देवजीबुवांकडे काही काळ शिक्षण घेतले. पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. वासुदेवबुवा हे सुप्रसिद्ध हद्दू-हस्सूखाँ यांच्या परंपरेतील. मुसलमान उस्तादांनी महाराष्ट्रीय ब्राह्मणास मुक्तहस्ते दिलेली ही विद्या बुवांनी गुरुसेवा करून संपादन केली.

ग्वाल्हेर गायकीत खुला, भरदार आवाज, बंदिशीची शुद्ध मांडणी आणि आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी इत्यादी अंगांचा समतोल यांस विशेष महत्त्व आहे. बुवांनी हे सर्व आत्मसात केले. मुंबईस असताना त्यांनी गायन समाज स्थापिला व 'संगीत दर्पण' नावाचे मासिकही चालविले. परंतु दम्याच्या विकाराने त्यांना ग्रासले आणि मुंबई सोडून ते मिरजेस आले. गवयाच्या बाबतीत श्वासाचाच विकार जडावा, याहून कठोर परीक्षा ती कोणती? तथापि या व्याधीमुळेच मिरज हे संगीतशिक्षणाचे केंद्र बनले, असे म्हणावयास हरकत नाही.

कुरुंदवाडचा एक मुलगा दत्तजयंतीच्या उत्सवातील शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा होऊन शालेय शिक्षणास मुकला होता. त्यास मिरजेत बुवांच्या स्वाधीन करण्यात आले. हेच पुढे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर! १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतविद्या सर्वसामान्यांच्या घरी पोहोचविली. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचेच शिष्य. अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी, यशवंत सदाशिव मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा जंगम हेही बाळकृष्णबुवांच्या हाताखाली तयार झाले.

पुढे बुवा इचलकरंजी संस्थानचे गवई झाले. तेथेच पुत्र अण्णाबुवा यांचे अकाली निधन झाले. ज्याच्या हाती आपली विद्या सोपवावयाची, तोच गेला. परंतु स्वतः दारोदार फिरून मिळविलेली विद्या बुवांनी केवळ पुत्रापुरती राखून ठेवलेली नव्हती. म्हणूनच १९२६ साली त्यांचा देह पडला तरी ती मागे उरली. वंश थांबला, पण परंपरा थांबली नाही.

विद्या दिल्याने वाढते, हे आपल्या आयुष्याने सिद्ध करणाऱ्या या नादोपासकाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.