लंडनच्या रस्त्याखालून रेल्वे नेण्यासाठी हा वकील १७ वर्षं भांडला, पण उद्घाटन बघायला राहिला नाही

लंडनची पहिली प्रवासी रेल्वे १८३६ साली सुरू झाली, तीच मुळी उन्नत मार्गावर. लंडन ब्रिज ते ग्रीनिच हा मार्ग विटांच्या ८७८ कमानींवर उभा आहे. दिसायला भारी, पण कमानींना जागा लागते आणि जागेसाठी घरं पाडावी लागतात. बहुतेकदा गरिबांचीच. शेवटी १८४६ मध्ये सरकारी आयोगाने शहराच्या मध्यभागात नवे रेल्वेमार्ग नकोत, असं सांगितलं.

मग लोकांनी कामावर जायचं कसं? चालत, नाहीतर घोड्यांच्या बसने, तेही तुंबलेल्या रस्त्यांवरून.

यावर उपाय घेऊन आला चार्ल्स पिअर्सन. जन्म १७९३ चा, पेशाने वकील. सिटी ऑफ लंडनच्या महापालिकेचा विधी अधिकारी आणि काही काळ खासदारही. १८४५ मध्येच त्याने सुचवलं होतं, रेल्वे जमिनीखालून न्या. वर रस्ता चालू राहील, कामगारांना शहराबाहेर चांगली घरं घेता येतील आणि स्वस्त तिकिटात रोज ये-जा करता येईल.

लोकांना हे वेडेपणाचं वाटलं. तेव्हा विजेवरची रेल्वे नव्हती, त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा धूर बोगद्यात कोंडेल ही भीती खोटी नव्हती. पण गडी हटला नाही. शहरात येणाऱ्यांची मोजणी करून त्याने आकडे समितीपुढे मांडले. १८५९ मध्ये पैशांअभावी योजना बुडायच्या बेतात असताना महापालिकेला २ लाख पौंड गुंतवायला लावले. स्वतः मात्र कंपनीचा संचालकही नव्हता.

रस्ता खोदायचा, वर विटांचं छत घालायचं आणि रस्ता पुन्हा बुजवायचा, अशी कामाची पद्धत. अर्थात फॅरिंग्डनजवळ गरिबांच्या वस्त्या याही कामात पाडल्या गेल्याच. पिअर्सनच्या स्वप्नाला ही काळी बाजू आहे. जून १८६२ मध्ये फ्लीट नदीचा गटार फुटून बोगद्यात पाणी शिरलं.

सप्टेंबर १८६२ मध्ये पिअर्सन गेला. त्यानंतर चारच महिन्यांत, १० जानेवारी १८६३ ला, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी खुली झाली.

मे १८६४ पासून पहाटे कामगारांसाठी खास गाड्या धावू लागल्या. जाऊन-येऊन तिकीट ३ पेन्स.