मुसाफिर इब्न बतूता

शाळेची सहल ठरलेली असते. डबा भरून तयार असतो. आणि सकाळी उठून पाहावे तर बाहेर धो धो पाऊस! सहल रद्द होते. अशा वेळी कोणी दिवसभर रुसून बसतो, तर कोणी घरातच डबा उघडून भावंडांबरोबर मजा करतो. तुम्ही यांपैकी कोण, ते तुमचे तुम्ही ठरवा. आज मी तुम्हांला अशा एका माणसाची हकिकत सांगणार आहे, की ज्याचे बेत एकदा नव्हे, अनेकदा मोडले. तेही सहलीचे नव्हेत, हजारो कोसांच्या सफरीचे.

त्याचे नाव इब्न बतूता. उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को देशात टँजियर नावाचे शहर आहे. तेथे १३०४ साली त्याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात अनेक काझी होऊन गेले होते. त्यानेही कायद्याचे शिक्षण घेतले. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला जाण्यासाठी घरातून एकटाच निघाला. वाटेत त्याला सोबती मिळाले. पण ट्यूनिस शहरात पोहोचल्यावर सोबत्यांना भेटायला त्यांच्या ओळखीचे लोक आले आणि याला सलाम करणारे कोणीच नव्हते. त्याला रडू कोसळले. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच सांगितली आहे. मोठेपणी अशा गोष्टी लपवणारेच जास्त असतात, नाही का?

मक्केला जाण्याची त्याची पहिली योजनाच फसली. कैरोहून नाईल नदीच्या बाजूने दक्षिणेकडे जायचे आणि ऐजाब बंदरातून तांबडा समुद्र ओलांडायचा, असा त्याचा बेत होता. तो बंदरावर पोहोचला, तर तेथे लढाई पेटलेली! जहाजे बुडवलेली होती. समुद्र पार करणे शक्यच नव्हते. मग तो आला त्या वाटेने कैरोला परत गेला आणि जेरुसलेम, दमास्कस अशा लांबच्या मार्गाने मक्केला पोहोचला. जवळची वाट बंद झाली, म्हणून ही प्रसिद्ध शहरे त्याला पाहायला मिळाली.

हज झाल्यावर तो घरी परतला नाही. इराक, इराण, येमेन, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान असे देश पाहत १३३३ साली तो सिंधू नदीच्या काठी आला. तेथून पुढे दिल्ली. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. सुलतानाने त्याला काझी नेमले. सुलतान देताना हात आखडत नसे. पण त्याची मर्जी फिरली, की माणसाचा जीवही जाई. एका शेखला भेटल्यामुळे इब्न बतूतावर पहारेकरी बसवले गेले होते. त्या शेखला सुलतानाने ठार केले. इब्न बतूता थोडक्यात वाचला. ही भीती पुढे त्याच्या फार उपयोगी पडली की आड आली, ते तुम्हीच पाहा.

१३४१-४२ च्या सुमारास सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशाहाकडे पाठवले. नजराण्यात शंभर घोडे, उंची वस्त्रे, सोन्याचांदीची भांडी आणि तलवारी होत्या. दिल्ली सोडून फार दिवस झाले नव्हते, तोच आजच्या अलीगढजवळ हल्ला झाला. इब्न बतूता आपल्या माणसांपासून वेगळा पडला, पकडला गेला, लुटला गेला. आठवडाभर तो रानोमाळ भटकला. शेवटी एका भल्या माणसाने त्याला पाठीवर घेऊन गावापर्यंत पोहोचवले. तेथून तो आपल्या माणसांत परत आला आणि पुढे निघाला.

या प्रवासात तो आपल्या महाराष्ट्रातूनही गेला. दौलताबादचा डोंगरी किल्ला आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार त्याने पाहिला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे त्याच्या लक्षात राहिली. नंदुरबारला मराठी लोक राहतात, ते हस्तकलेत कुशल आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे त्याने नोंदवले आहे. तुमच्यापैकी कोणी नंदुरबारचे असेल, तर त्याला हे वाचून आनंद होईल.

गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजाने तो कालिकतला आला. बंदरात तेरा चिनी जहाजे उभी होती. वारा अनुकूल होईपर्यंत त्याला तीन महिने थांबावे लागले. निघण्याची वेळ आली, तेव्हा नजराणा एका मोठ्या जहाजावर चढवण्यात आला. मोठ्या जहाजावर त्याला मनासारखी खोली मिळेना, म्हणून त्याने स्वतःचे सामान आणि माणसे दुसऱ्या लहान जहाजावर पाठवली. तो मात्र जुम्म्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला.

आणि समुद्र खवळला. किनाऱ्यावरून जहाजापर्यंत जाता येईना. रात्री ते मोठे जहाज फुटले. नजराणा बुडाला, बरोबरचे अधिकारी मरण पावले. सकाळी लाटांनी प्रेते किनाऱ्यावर आणून टाकली. लहान जहाजाच्या खलाशांनी हे पाहिले, शिडे उभारली आणि ते निघून गेले. इब्न बतूताजवळ काय उरले? दहा दिनार आणि ज्यावर तो झोपत असे ती सतरंजी.

आता जरा त्याच्या जागी उभे राहून पाहा. दिल्लीला परत जावे, तर सुलतान विचारणार, नजराणा बुडाला आणि तू कसा वाचलास? चीनला जावे, तर हात रिकामे. आपले लहान जहाज कोल्लमला थांबेल, या आशेने तो दहा दिवसांचा प्रवास करून तेथे गेला. जहाज आले नाही. बुडालेल्या दुसऱ्या एका जहाजावरचे चिनी वकील मात्र तेथे भेटले. व्यापाऱ्यांनी त्यांना कपडे दिले आणि ते मायदेशी परतले. याला तशी वाट नव्हती. काही महिने तो किनाऱ्यावर इकडून तिकडे फिरत राहिला. होन्नावरच्या सुलतानाबरोबर गोव्याच्या लढाईतही सामील झाला. मला वाटते, या दिवसांत त्यालाच कळत नव्हते, आपण कोठे चाललो आहोत. मग बातमी आली, की त्याचे जहाज सुमात्राच्या राजाने ताब्यात घेतले आणि माणसे चारी दिशांना पांगली. वाट पाहण्यासारखे काही उरले नाही.

तेव्हा त्याने दिल्लीचा विचार सोडला. तो मालदीव बेटांवर गेला. कायद्याचे ज्ञान बुडालेले नव्हते. तेथे तो काझी झाला. पुढे वजिराशी बिनसले, तेव्हा तो श्रीलंकेला गेला. परत येताना चाच्यांनी त्याचे जहाज लुटले. जवाहीर, कपडे, सारे गेले. अंगावर फक्त पायजमा राहिला. तो पुन्हा कालिकतला आला आणि मशिदीत जाऊन बसला. एकाने कपडे पाठवले, काझीने पगडी दिली, एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र दिले. ते अंगावर घालून तो निघाला. मालदीव, बंगाल, सुमात्रा असा फिरत १३४५-४६ च्या सुमारास तो चीनला पोहोचला.

ना नजराणा, ना लवाजमा. पण ज्या दिवशी तो चीनच्या बंदरात उतरला, त्याच दिवशी त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला. कालिकतला ज्याचे जहाज बुडाले होते, तोच हा चिनी वकील! त्याने इब्न बतूताला ओळखले, अधिकाऱ्यांना सांगितले आणि त्याची राहण्याची चांगली सोय झाली. चीनमध्ये तो नक्की कोठवर फिरला, याबद्दल काही अभ्यासक शंका घेतात. त्याच्या सनावळीतही काही घोळ आहेत.

१३४९ साली तो मोरोक्कोला परतला. वडील कधीच वारले होते. आई काही महिन्यांपूर्वीच प्लेगने गेली होती. चोवीस वर्षांनी घरी आलेल्या मुलाला दार उघडायला कोणी नव्हते. पुढे तो स्पेनला आणि आफ्रिकेतील माली राज्यातही जाऊन आला.

मग मोरोक्कोच्या सुलतानाने हुकूम दिला, की सारी सफर लिहून काढा. इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाला लेखनिक नेमले. पण बुखारा शहरात उतरवून घेतलेली टिपणे चाच्यांच्या लुटीत गेली होती. तेव्हा इब्न बतूता आठवेल तसे सांगू लागला आणि लेखनिक लिहू लागला. १३५५ साली ग्रंथ पूर्ण झाला. त्यात कालिकतची ती रात्र आहे, दहा दिनार आहेत आणि आपले नंदुरबारही आहे.