बर्था बेंझ

पातूरहून मेडशीस येतांना चढणीवर एखादी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली मोटार गचके खाऊं लागली, म्हणजे गाडी मिसिंग मारते असें मिस्त्री सांगतो. इंजिनाचा ठोका मधूनच चुकत असतो. अशा वेळीं प्रथम दोन गोष्टी पाहावयाच्या: ठिणगी नीट पडते कीं नाहीं, आणि पेट्रोल पोहोंचतें कीं नाहीं. मोटार नुकतीच जन्मास आली असतां ज्या बाईंनीं भर रस्त्यांत हाच शोध घेतला, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजीं जर्मनींतील फोर्ट्सहाइम गांवीं झाला. पुन्हां मुलगीच झाली, असा खेद पित्यानें घरच्या बायबलांत नोंदून ठेविला होता, असें सांगतात. याच मुलीनें पुढें हुंड्याचें द्रव्य लग्नापूर्वींच कार्ल बेंझ यांच्या अडचणींत आलेल्या कारखान्यांत घातलें. १८७२ सालीं उभयतांचा विवाह झाला. १८७९ च्या अखेरच्या रात्रीं कार्ल यांचें इंजिन प्रथम चाललें, तेव्हां बर्थाबाई शेजारींच उभ्या होत्या. १८८६ सालीं तीन चाकांच्या मोटारीचें पेटंट नोंदलें गेलें. त्यावर नांव मात्र एकट्या कार्ल यांचें. गिऱ्हाईक कांहीं फिरकेना. हुंडा गेला, वर्षें गेलीं, आणि गाडी कारखान्याच्या आसपासच फिरत राहिली.

१८८८ च्या ऑगस्टांत एके दिवशीं सकाळींच, पतीस न कळवितां, युजेन व रिचर्ड या मुलांस घेऊन बर्थाबाई त्या गाडींतून मॅनहाइमहून माहेरीं निघाल्या. अंतर १०० किलोमीटरांहून थोडें अधिक. इंधन संपत आलें तेव्हां वीस्लोख येथें औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन घेतलें. पुढें इंधनाची नळी तुंबली. बाईंनीं टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. ठिणगीची तार घासून उघडी पडली. तिला मोज्याचा बंद गुंडाळला.

पिनेची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. आम्हांस मात्र नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. इंजिन अडलें, तर नळी तुंबली असो वा तारेंतून वीज बाहेरच जात असो, बसणारास दोन्ही सारखींच भासतात. इंधन आणि वीज एकेक करून तपासल्यावांचून पिन कोठें घालावी हें कळत नाहीं. तें बाईंस कळलें, कारण कारखान्यांतील वर्षें त्यांनीं नुसतीं पाहत घालविलीं नव्हतीं.

चढणीवर मुलांनीं गाडी ढकलली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर कातडें बसवून घेतलें. सायंकाळीं माहेरीं पोहोंचतांच पतीस तार केली, आणि कांहीं दिवसांनीं त्याच गाडींतून त्या परत आल्या. चढणीसाठीं आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्ल यांनीं अमलांत आणली.

कार्ल १९२९ सालीं वारले. बर्थाबाई त्यांच्यामागें पंधरा वर्षें जगल्या, व ५ मे १९४४ रोजीं, पंचाण्णवावा वाढदिवस होऊन दोनच दिवस लोटले असतां, लाडेनबुर्ग येथें निवर्तल्या.