अनवाणी विजेता : अबेबे बिकिला

गेल्या हिवाळ्यात मी पहाटे धावायला सुरुवात केली. बूट जड वाटले म्हणून एके दिवशी ते काढून ठेवले आणि अनवाणीच मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आणि पोटऱ्या भरलेल्या! तरी तो नाद सुटेना. अनवाणी धावून जग जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचे चरित्र मी वाचले ते या नादापायीच.

बिकिलाचा जन्म इथिओपियातील जाटो या खेड्यात १९३२ साली झाला. पुढे तो सम्राट हैले सेलासी यांच्या रक्षक दलात शिपाई झाला. तेथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाने त्याला तयार केले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याला पायात नीट बसणारे बूट मिळाले नाहीत. अनवाणी धावण्याचा सराव होताच. मॅरेथॉनलाही तो तसाच उतरला. शर्यत संपेपर्यंत अंधार पडला होता आणि रस्त्यावर मशाली पेटल्या होत्या. वाटेत अक्सूमचा प्राचीन स्तंभ होता. मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपिया जिंकल्यावर १९३७ साली तो रोमला आणला होता. त्या स्तंभाजवळच बिकिलाने वेग वाढवून मोरोक्कोच्या राधीला मागे टाकले. वेळ होती २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद, म्हणजे तोवरची जगातील सर्वोत्तम! तो स्तंभ मात्र मायदेशी परतायला २००५ साल उजाडले.

१९६४ साली टोकियोत, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, तो पुन्हा जिंकला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. आणि या वेळी त्याच्या पायांत बूट होते! हे वाचून मी चमकलो. अनवाणी पायांत जादू असती तर त्याने बूट कशाला घातले असते?

१९६८ साली मेक्सिकोत पायाच्या दुखापतीमुळे त्याने शर्यत सोडली. १९६९ साली मोटार अपघातात कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांनी कीर्ती दिली तेच गेले. तरी इंग्लंडमध्ये उपचार घेताना चाकाच्या खुर्चीत बसून तो धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो वारला.

मित्रहो, बिकिलाचे बळ पायांत होते तसेच मनातही होते, आणि पायांमागे वर्षांचा सराव होता. मी आता दोनच फेऱ्या अनवाणी मारतो. उरलेल्या बूट घालून. तळवे हळूहळू घट्ट होत आहेत.