सॅम्युएल जॉन्सन : कोशकार आणि इंग्रजी क्रियापद

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाला लांबलचक लॅटिन शब्दांचे भय वाटते. प्रत्यक्षात त्याची गाडी अडते ती गिव्ह, टेक, पुट, सेट अशा छोट्या धातूंपाशी. त्यांच्या मागे अप, ऑफ, आउट, इन यांपैकी एखादे क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्यय येऊन बसले की मूळ अर्थ पार बदलतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. पण या तीन शब्दांपैकी एकातही सहन करण्याचा अर्थ सापडत नाही. ही अडचण ज्या कोशकाराने प्रथम नीट ओळखली आणि कोशाच्या पानांवर तिला मोठ्या प्रमाणावर जागा दिली, त्या सॅम्युएल जॉन्सन यांचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफील्ड या गावी झाला. वडील मायकेल पुस्तकविक्रेते होते. घरात ग्रंथ भरपूर, पैसा मात्र बेताचाच. बालपणी गंडमाळेच्या विकाराने जॉन्सन यांची दृष्टी अधू झाली आणि चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले. १७२८ मध्ये ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. पण खर्च झेपेना, म्हणून सुमारे तेरा महिन्यांत त्यांना पदवीविना परतावे लागले. ही रुखरुख पुढे पंचवीस वर्षे त्यांच्या मागे होती. १७३५ मध्ये त्यांनी आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला आणि लिचफील्डजवळ एडियल येथे शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले, शाळा बुडाली. त्या मोजक्यांपैकी एक, पुढे विख्यात नट झालेला डेव्हिड गॅरिक, याच्याबरोबर १७३७ मध्ये ते लंडनला आले आणि नियतकालिकांसाठी लेखन करून पोट भरू लागले.

१७४६ मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन इंग्रजीचा मोठा कोश रचण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. मोबदला १५०० गिनी ठरला. लेखनिकांचे वेतनही त्यातूनच द्यायचे होते. काम तीन वर्षांत पुरे होईल, असा जॉन्सन यांचा अंदाज होता. लागली जवळजवळ नऊ. गफ स्क्वेअरमधील घराच्या माडीवर सहा लेखनिक बसत. त्यांपैकी पाच स्कॉटलंडचे होते. जॉन्सन ग्रंथ वाचत, हवे ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करत आणि लेखनिक ते चिठ्ठीवर उतरवून घेत. कामाची पहिली मांडणी काही वर्षांनी निकामी ठरली. अर्थांचे विभाग आधी ठरवायचे आणि मग त्यांत वाक्ये भरायची, असा तो बेत होता. पण जमलेली वाक्ये त्या विभागांत मावेनात. जॉन्सन यांना जवळजवळ नव्याने आरंभ करावा लागला.

विभागांत न मावणाऱ्या शब्दांत साधे धातू आघाडीवर असणार, हे कोशकार्याशी परिचय असलेल्या कोणालाही पटेल. आरंभीचे इंग्रजी कोश प्रामुख्याने अवघड शब्दांसाठी रचले गेले होते. रोजच्या बोलण्यातील क्रियापदांचा अर्थ तो काय सांगायचा, अशी समजूत होती. जॉन्सन यांनी एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ क्रमांक घालून दिले आणि धातूपुढे अव्यय आल्यावर होणारे प्रयोग त्याच नोंदीत वेगळे मांडले. ‘टेक ऑफ’ या एका जोडीखाली दूर करणे, विकत घेणे, नक्कल उतरवणे असे परस्परांशी नाते न सांगणारे अर्थ आढळतात. (विमानाचे उड्डाण अर्थातच तेथे नाही.) प्रस्तावनेत त्यांनी या वर्गाचा स्वतंत्र उल्लेख केला. असे प्रयोग इंग्रजीत बहुधा इतर भाषांहून अधिक आहेत, परकीयांना सर्वाधिक त्रास त्यांचाच होतो आणि मूळ अर्थापासून ते इतके दूर गेलेले असतात की वाट शोधता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. यादी संपूर्ण असल्याचा दावा त्यांनी केला नाही. नोंदवलेल्या नमुन्यांच्या आधारे उरलेल्या जोड्यांचा अर्थ लावता येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मराठीतही ‘लागणे’ पाहा : भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, नोकरी लागते आणि डोळाही लागतो. फरक इतकाच की मराठीत अर्थ पालटवणारा शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी येतो, इंग्रजीत तो मागून येतो आणि म्हणून वाक्य ऐकणारा अखेरपर्यंत चकतो.

जॉन्सन यांचे स्वतःचे गद्य लॅटिन वळणाचे आणि भारदस्त होते, हे येथे ध्यानात घ्यावे. स्वतःच्या लेखनाला ज्या घरगुती जोड्या फारशा मानवत नव्हत्या, त्यांचीच नोंद त्यांनी इतक्या चिकाटीने घेतली. मला त्यांचा कोशकार म्हणून खरा मोठेपणा येथे दिसतो.

काम चालू असतानाच १७५२ मध्ये पत्नीचे निधन झाले. कोशाची योजना ज्यांना उद्देशून लिहिली होती, त्या लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी वर्षानुवर्षे दखल घेतली नाही आणि कोश पुरा होत आल्यावर मात्र स्तुतिपर लेख लिहिले. १७५५ च्या फेब्रुवारीत जॉन्सन यांनी पत्र लिहून हा उशिरा आलेला आश्रय नाकारला. त्याच सुमारास ऑक्सफर्डने त्यांना एम. ए. ही पदवी दिली, ती मुखपृष्ठावर छापण्यापुरती वेळेत पोहोचली. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन भव्य खंड प्रसिद्ध झाले. त्यांत चाळीस हजारांहून अधिक शब्द होते.

कीर्ती मिळाली, पैसा नाही. पुढच्याच वर्षी कर्जापायी त्यांना अटक झाली. १७६२ मध्ये वार्षिक ३०० पौंडांचे राजवेतन मिळू लागले, तेव्हा कुठे स्वास्थ्य आले. त्यानंतर शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती आणि इंग्रजी कवींची चरित्रे ही मोठी कामे त्यांच्या हातून झाली. १७७३ मध्ये कोशाची चौथी आवृत्तीही त्यांनी स्वतः सुधारून दिली. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. ज्या क्रियापदांना त्यांनी कोशात जागा दिली, त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे आज रूढ असलेले नाव छापील स्वरूपात मिळाले ते १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथात.