दार उघडे ठेवणारे ख्वाजा

हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांच्या खानकाहमधील गर्दी सर्वांना ठाऊक आहे, आरंभी ती त्यांना नकोशी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांचा जन्म बदायूंचा. लहानपणीच पितृछत्र हरपले. आई बीबी जुलेखा यांनी त्यांना वाढवले. तारुण्यात ते अजोधनला जाऊन बाबा फरीद (रह.) यांचे मुरीद झाले. दिल्लीच्या गजबजाटात मन रमेना, म्हणून यमुनाकाठच्या गियासपूर या लहानशा वस्तीत राहू लागले. पुढे सुलतान कैकुबादने जवळच किलोखरी येथे नवे नगर वसवले. अमीर-उमरावांची ये-जा वाढली आणि एकांत सरला.

येथूनही निघून जावे, असे त्यांनी ठरवले. त्याच दिवशी एक कृश, देखणा तरुण त्यांच्याकडे आला. लोकांना सोडून अल्लाहच्या स्मरणात बसण्यात पराक्रम कसला, लोकांत राहून त्याच्या स्मरणात राहणे हेच धैर्य, अशा आशयाचे तो बोलला. पुढे ठेवलेल्या अन्नाला त्याने हात लावला नाही. येथेच राहायचे, असा निश्चय ख्वाजांनी मनोमन केला, तेव्हाच त्याने थोडे काही घेतले. तो पुन्हा दिसला नाही. ख्वाजा मात्र 1325 मध्ये इंतकाल होईपर्यंत गियासपुरातच राहिले.

एकदा त्यांच्या दुपारच्या विश्रांतीच्या वेळी सेवकाने एका दरवेशाला परत पाठवले. स्वप्नात बाबा फरीद (रह.) यांनी याबद्दल नाराजी दर्शवली, असे चरित्रकार सांगतात. तेव्हापासून जाग येताच ख्वाजा दोनच गोष्टी विचारीत: दुपार ढळली का, आणि भेटायला कोणी आले आहे का? दुपारी बेल वाजली की आपल्या कपाळावर जी आठी उमटते, ती येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्यांचे रोजे जवळजवळ अखंड असत, इफ्तारलाही आहार अगदी थोडा; पाहुण्यांसाठी मात्र दस्तरखान भरलेले असे. इशानंतर अमीर खुसरो वरच्या खोलीत येत, शहरातील वार्ता आणि किस्से सांगत, आणि ख्वाजा आनंदाने ऐकत. खुसरो निघाले की दाराला कडी लागे. उरलेली रात्र इबादतीची असे.

या बैठकींतील संभाषणे अमीर हसन सिज्जी यांनी 1308 पासून ‘फवाइदुल फुआद’मध्ये टिपून ठेवली. पुढे ते दौलताबादेस आले. त्यांची कबर आपल्या खुलताबादेत आहे.