मालेगावचे वकील भाऊसाहेब हिरे आणि आपला सातबारा

पिंपळगाव बसवंतहून आग्रा रोडने निघालं, की वडनेर भैरव, चांदवड मागे टाकत दीड-दोन तासांत मालेगाव येतं. आपल्याकडची द्राक्षबाग, टोमॅटोची शेती आणि तिकडची मोसम-गिरणाकाठची कोरडवाहू जमीन यांत फरक मोठा आहे. तरी दोन्हीकडच्या कितीतरी सातबारा उताऱ्यांवर एक गोष्ट सारखी दिसते. इतर हक्काच्या रकान्यात कुळकायद्याचा शेरा असतो, नाहीतर जुन्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे कूळ असं लिहिलेलं सापडतं. ही नोंद ज्यांच्या काळात पक्की झाली, ते महसूलमंत्री मूळचे मालेगावचे वकील. नाव भाऊसाहेब सखाराम हिरे. नव्या पिढीला ते धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या पाटीवरून ठाऊक असतात. शेतकऱ्याला ते त्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवेत, म्हणून हा लेख.

भाऊसाहेबांचा जन्म १९०५ सालचा, मालेगाव तालुक्यातल्या निमगावचा. घर शेतकऱ्याचं. त्या काळी आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोरानं शिकायचं म्हणजे गाव सोडणं आलं, वसतिगृह शोधणं आलं. नाशकात १९१४ साली मराठा विद्या प्रसारक संस्था उभी राहिली ती याच गरजेतून. पुढे रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे यांच्याबरोबर संस्था वाढवणाऱ्या कर्मवीरांत भाऊसाहेबांचंही नाव घेतलं जातं. आपल्या पिंपळगावच्या कॉलेजला काकासाहेबांचं नाव आहे, निफाडच्या कॉलेजला गणपतदादांचं. त्याच फळीतला हा माणूस.

कायद्याचं शिक्षण घेऊन ते मालेगावला वकिली करू लागले. आता तालुक्याच्या गावचा वकील म्हणजे काय, हे जरा सांगायला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या बॅरिस्टरासारखं त्याचं नसतं. त्याच्या ओट्यावर सकाळी जी माणसं बसलेली असतात, त्यांची गावं, भावकी, बैलजोडी त्याला माहीत असते. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव पार कोसळले होते. सारा आणि व्याज मात्र होतं तेवढंच राहिलं. तालुका कोर्टात त्या वेळी यायचं काय? सावकाराचा दावा, गहाणखत, मुदतखरेदीचा कागद, हुकूमनामा, मग जप्तीची दरखास्त आणि लिलाव. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, तरी पन्नास वर्षांनंतरही जमीन हातातून निसटायची वाट तीच होती. कागदावर अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

दुसरा प्रकार कुळांचा. जमीन एकाची, कसणारा दुसरा. कुठे अर्धेलीनं, कुठे रोख खंडानं, कुठे मक्त्यानं. लेखी करार क्वचितच असायचा. वर्ष फिरलं की मालक कूळ बदलू शकत होता. पिढ्यान्‌पिढ्या एकच रान कसणारं कूळ कोर्टात उभं राहिलं, तर त्याच्याजवळ दाखवायला कागदच नसायचा. पावती नाही, कबुलायत नाही, पीकपाहणीत नाव नाही. असल्या पक्षकाराची बाजू मांडायची, तर वकिलाला कायद्याबरोबर गावही ठाऊक लागतं. माझ्या मते भाऊसाहेबांचं पुढचं सगळं राजकारण या तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच सुरू होतं. पुढे विधिमंडळात बसून कायदा करताना जप्ती, खंडाची पावती, मालकाचा ताबा हे शब्द त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

वकिली करता करता ते काँग्रेसच्या चळवळीत उतरले आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र काँग्रेसच्या आघाडीच्या पुढाऱ्यांत गेले. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुंबई राज्यात मोरारजी देसाईंचं मंत्रिमंडळ आलं, त्यात महसूल खातं भाऊसाहेबांकडे होतं. मुंबई राज्य तेव्हा गुजरातपासून कर्नाटकच्या धारवाडपर्यंत पसरलेलं. एवढ्या मुलखाचा जमीनमहसूल मालेगावच्या वकिलाच्या हाती आला.

इथे कुळकायद्याची थोडी वंशावळ सांगतो, कारण गावात यात फार घोळ होतो. पहिला कायदा १९३९ चा. तो आधी चारच जिल्ह्यांत लागू झाला आणि १९४६ साली सगळ्या इलाख्यात. दुसरा १९४८ चा, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळातला. त्यानं खंडावर मर्यादा घातली आणि कुळाला संरक्षण दिलं, पण जमीन मालकाचीच राहिली. तिसरी पायरी म्हणजे १९५६ सालची मोठी दुरुस्ती. ही भाऊसाहेब महसूलमंत्री असतानाची. तिनं सगळा पाट फिरवला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं त्या जमिनीचा खरेदीदार मानला जाईल, असं ठरलं. मालकानं विकायला तयार व्हायची वाट बघायची नाही. कुळानंही अर्ज घेऊन उभं राहायचं नाही. कायदाच म्हणतो, की खरेदी झाली.

अर्थात फुकट नाही. किंमत साऱ्याच्या पटीत ठरायची. साध्या कुळाला २० पट ते २०० पट, आणि वर झाडं, विहीर, बांधकाम असेल तर त्याचं वेगळं. कायम कुळाला खंडाच्या सहापट. पैसे हप्त्यांनी, जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत देता यायचे. किंमत ठरवायला शेतजमीन न्यायाधिकरण नेमलं. गावात ज्याला नुसतं ३२ ग म्हणतात ते हेच. पैसे फिटले, की ३२ म चं प्रमाणपत्र. ज्याच्या घरात हे प्रमाणपत्र असेल, त्यानं ते जपून ठेवावं, त्याची किंमत आजही कमी झालेली नाही. मर्यादाही होतीच. जिरायत ४८ एकर, हंगामी बागायत किंवा भातशेती २४ एकर, बारमाही बागायत १२ एकर, याच्या वर कुळाला जमीन जमा करता येत नव्हती.

मालकाचाही विचार कायद्यात होता. ज्याला स्वतः कसायची आहे त्यानं ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करायचा. पण तेव्हाही कुळाकडची निम्मी जमीन तरी कुळाकडे राहिली पाहिजे. विधवा, अज्ञान मुलं, अपंग आणि सैन्यातली माणसं यांच्या जमिनींना वेगळी मुदत दिली. काही घरांत त्या जमिनींचे वाद दोन-दोन पिढ्या चालले, ते या मुदतीच्या हिशेबातूनच.

कायद्याविरुद्ध मालक मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९५८ साली सुप्रीम कोर्टानं कायदा वैध ठरवला.

आता खरं बोलायचं तर कागदावर जेवढं दिलं, तेवढं रानात पोहोचलं नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याची पाहणी केली, ती १९५७ साली छापून आली. कुळांनी खुषीनं जमिनी सोडल्या अशा नोंदी त्यांना ढिगानं सापडल्या. खुषी कसली? मालकाचं देणं, मालकाची भीती, नाहीतर मालकाच्याच गोठ्यातला बैल. तलाठ्यापुढे राजीनामा लिहून झाला, की कूळ संपलं. पुढे ३२ ग च्या नोटिसा निघाल्या, तेव्हाही कितीतरी कुळं तारखेला हजर राहिली नाहीत, किंवा जमीन नको म्हणून जबाब देऊन आली. खरेदी रद्दबातल. वकील मंत्र्यानं कायदा कितीही घट्ट विणला, तरी तो राबवायचा गावच्या चावडीत, आणि चावडीत वजन कुणाचं होतं हे काय वेगळं सांगायला पाहिजे? पीकपाहणीची एक ओळ खरी लिहिली की खोटी, यावर एका घराची जमीन राहिली की गेली ते ठरलं. आपल्या गावकामगार मंडळींनी हे विसरू नये.

तरी ज्यांची नावं लागली, त्यांच्यात काय बदल झाला ते आम्हा विस्तारवाल्यांना बांधावर दिसतं. द्राक्षाची बाग घ्या. खुंट लावायचे, कलम करायचं, मांडव उभा करायचा, तारा ओढायच्या, पाइपलाइन आणायची. पहिलं नीट पीक हातात यायला दोन वर्षं जातात आणि बाग मग दहा-पंधरा वर्षं चालते. पुढच्या पाडव्याला मालक उठवील की काय, या धाकात असणारा माणूस असा खर्च करील का? तो बाजरी करील, फार तर कांदा करील, आणि मोकळा होईल. कादवाकाठी स्वतः कसणारे खातेदार पूर्वीपासून होतेच, सगळं श्रेय एका कायद्याला देऊ नये. पण ज्या रानात आजोबा कूळ होते, तिथे आज नातवाचा मांडव उभा असेल, तर त्या मांडवाचा पहिला डांब १९५७ साली रोवलेला आहे असं मी धरतो. पीककर्ज, ठिबकचं अनुदान, विहिरीचं प्रकरण, काहीही घेऊन माणूस आला, की पहिला प्रश्न सातबाऱ्यावर नाव कुणाचं हाच असतो.

राजकारणात भाऊसाहेबांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विदर्भ-मराठवाड्याला बरोबर घेऊन मराठी राज्य करायचं, त्या करारावर सह्या करणाऱ्यांत भाऊसाहेब होते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि तिढा पडला. संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची घोषणा झाली आणि रस्त्यावर गोळीबार झाले. काँग्रेसमधल्या मराठी पुढाऱ्यांची अवस्था दोन्ही डगरींवर पाय ठेवल्यासारखी होती. दिल्लीला दुखवायचं, की आपल्या माणसांना? यशवंतराव चव्हाणांनी फलटणच्या बैठकीनंतर पंडित नेहरूंची बाजू धरली. भाऊसाहेब शंकरराव देवांच्या बाजूचे म्हणून ओळखले जात.

अखेर महाराष्ट्र-गुजरात मिळून द्वैभाषिक राज्य करायचं ठरलं. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्याचा नेता निवडायचा होता. मोरारजींना बिनविरोध निवड हवी होती. भाऊसाहेब उभे राहिले आणि मागे हटले नाहीत. मोरारजी बाजूला झाले, यशवंतरावांचं नाव पुढे आलं. मतं पडली ती ३३३ विरुद्ध १११. भाऊसाहेब हरले. जिल्ह्यात आजही जुनी माणसं या आकड्यांवर तासभर बोलतात. त्यांनी उभंच राहायला नको होतं असं काहींचं मत, मोरारजींना आडवा जाणारा एक तरी मराठी माणूस निघाला असं काहींचं. मला दुसरं मत जवळचं वाटतं. मुख्यमंत्रिपद गेलं खरं, पण त्या निवडणुकीनं मोरारजींची बिनविरोध वाट बंद झाली आणि मराठी माणूस मुख्यमंत्री झाला, हेही खरं. हे झालं आणि साडेपाच महिन्यांनी कृषकदिन उजाडला.

मालेगावची ओढ त्यांनी सोडली नव्हती. १९५२ साली, म्हणजे मंत्री झाले त्याच वर्षी, त्यांनी महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था काढली. खेड्यातल्या मुलाला शिकायला गाव सोडावं लागू नये, शाळाच त्याच्याकडे जावी, ही त्यामागची दृष्टी. पुढे १९५९ साली मालेगावला कॉलेज सुरू झालं, त्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. नाव उगाच दिलेलं नाही. बडोद्याचे सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. सुरगाणा, कळवण भागातल्या आदिवासी मुलांसाठी आदिवासी सेवा समितीच्या आश्रमशाळा आल्या, त्याही याच घरच्या कामातून.

घराबद्दल लिहायचं तर हिरे घराणं जिल्ह्याला माहीत आहे. मुलगे व्यंकटराव आणि डॉ. बळीराम दोघेही पुढे विधानसभेत आणि मंत्रिमंडळात गेले. सून पुष्पाताई राजकारणात आल्या, नातू प्रशांत हिरेही मंत्री झाले. घराणेशाही म्हणून यावर टीका होते, ती करणाऱ्याला अडवायचं कारण नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. वडिलांनी एक संस्था मागे ठेवली आणि ती चालवायची जबाबदारी घरातल्या लेकी-सुनांनी, मुला-नातवांनी उचलली. कितीतरी पुढाऱ्यांच्या संस्था त्यांच्या दहाव्याबरोबरच संपल्या. इथे पोरं वडिलांच्या कामात ओढली गेली, याचा अर्थ ते काम घरात बोललं जात होतं, जेवताना त्याचा विषय निघत होता, असा मी लावतो. शेतकरी कुटुंबात शेती जशी मुलांना बांधावर फिरवूनच शिकवतात, तसं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. ते भाऊसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९६१ साली ते गेले. वय ५६. गिरणा धरणाचं पाणी बघायला ते राहिले नाहीत, ते धरण १९६९ साली पुरं झालं.

जाता जाता कामाची गोष्ट. ३२ ग नं मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा असतो. ती पूर्वी प्रांताच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ सालच्या दुरुस्तीनं, खरेदीला दहा वर्षं झाली असतील, तर साऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ही अट सुटते, वेगळी परवानगी लागत नाही. घेणारा शेतकरी असणं, तुकडेबंदी आणि कमाल मर्यादा या अटी राहतातच. सारा अजून रुपया-दोन रुपयांत असल्यामुळे ४० पट म्हणजे फार मोठी रक्कम होत नाही. शेरा काढायचा नसला तरी चालेल, पण ३२ म चं प्रमाणपत्र आणि १९५७ नंतरचा कुळाचा फेरफार यांच्या नकला घरात नसतील, तर त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून काढून ठेवाव्यात. वाटणीच्या वेळी त्याच कागदावरून आजोबांचं नाव सापडतं.